नाव, पत्ता, काम, मालक

टॅमरॅक फॉल्समध्ये पन्नाशीच्या आतला असा माणूस शोधून सापडला नसता, ज्याला लेम्पी कांगासनं लहानपणी बसमधून शाळेत नेलेलं नाही. कोण रडत चढायचं, कोणाला वळणावर ओकारी यायची, कोण पुढच्याच्या टोपीत बर्फ भरायचं, हे सगळं तिला ड्रायव्हरसमोरच्या आरशात दिसायचं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती माणसांना त्या आरशावरूनच जोखायची. बँकेचा मॅनेजर तिच्या लेखी अजून शेंबूड बाहीला पुसणारा पोरगाच होता. कोणात किती दम आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे, अशी तिची पक्की समजूत होती. तिची ती समजूत एका आठवड्यात कशी धुळीला मिळाली, त्याची ही गोष्ट.

गाव तांब्याच्या खाणीवर जगायचं. खाण एकाच कंपनीची, आणि गावात 'कंपनी' म्हटलं की दुसरं काही डोक्यात यायचं नाही. खाणीचा गाळ साठवायला डोंगराच्या पोटात एक भलंमोठं तळं केलं होतं. त्याचं पाणी मुरून नदीत उतरतंय, याची कुजबुज बरीच वर्षं होती. आता कंपनीला दुसरं तळं हवं होतं. नवं तळं खणायच्या आधी साफसफाईचा पैसा काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारकडे, अनामत ठेवा, अशी मागणी मतदानाला आली होती. मतपत्रिकेवर 'हो' किंवा 'नाही', एवढंच.

'हो'च्या बाजूनं 'नदीकाठचे शेजारी' नावाची संस्था होती. चर्चच्या तळघरात कॉफी पीत जमणारी पंधरा-वीस माणसं, एवढाच तिचा पसारा. लेम्पी तिची खजिनदार झाली, कारण निवडीच्या दिवशी कॉफी संपल्यावर कपबश्या विसळायला ती एकटीच मागे राहिली होती. समोर होती 'उद्याची कुटुंबं' नावाची संस्था. तिचा पत्ता राजधानीतला, कागद गुळगुळीत, आणि त्यावरची गोरीगोमटी पोरं गावात कधी कोणी पाहिलेली नाहीत. तिला पैसा कोण पुरवतं, देव जाणे. दोन्ही संस्थांना सरकारची करमाफी होती आणि देणगीदारांची नावं लोकांना सांगायची सक्ती दोघींनाही नव्हती.

हा शेवटचा मुद्दा लेम्पीनं तळघरात उभं राहून मोठ्यांदा वाचून दाखवला होता. "ऐकलंत ना? तुमचं नाव माझ्या स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही. हा माझा शब्द."

त्या शब्दावर लोकांनी पैसे दिले. देणारे बहुतेक खाणीतलेच, कारण गावात दुसरं होतंच कोण? तिचा भाचा डॅरिल खाणीत डंपर चालवायचा. त्यानं दोनशे डॉलरचा चेक दिला, तोही घडी घालून, कोणी बघत नाही असं पाहून. डॅरिलची बायको टेस आजारी होती. तिच्या मूत्रपिंडाचे उपचार चालले होते ते कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली तर विमा गेला, आणि विमा गेला तर पुढचं बोलायची गरज नव्हती. लेम्पीला हे माहीत होतं आणि म्हणूनच तिनं तो शब्द इतक्या ठासून दिला होता.

आणि मग तिनं स्वतःच्याच तोंडानं सगळ्यावर पाणी ओतलं.

झालं असं, की संस्थेनं गावच्या रेडिओवर एक जाहिरात द्यायचं ठरवलं. आवाज लेम्पीचा, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. मजकूर साधा होता: आपल्या नदीत काय उतरतंय ते कंपनीला विचारा. लेम्पीनं तो झकास वाचला. वाचून झाला तरी थोडा वेळ उरला होता. समोर लाल दिवा पेटलेला, कानावर यंत्र चढवलेलं, बाईंना स्फुरण चढलं. तिनं पदरचं वाक्य ठोकून दिलं: "आणि मतदानाच्या दिवशी 'हो'वर खूण करा, नाहीतर मी बस घेऊन दारात येते!"

गाव हसून हसून लोटपोट झालं. पेट्रोल पंपावर, दुकानात, जो भेटेल तो तिला भोंगा वाजवल्याची नक्कल करून दाखवायचा. लेम्पी खूश होती.

सोमवारी फोन आला. राज्याच्या निवडणूक कचेरीतून कोणी प्रेंटिस म्हणून बोलत होता. माणूस फार अदबीचा.

"मॅडम, तुमची जाहिरात ऐकली. मला पण हसू आलं. पण ते शेवटचं वाक्य..."

"ते माझ्या मनाचं आहे हो. लिहून दिलेलं नव्हतं."

"तिथंच तर घोटाळा झालाय. लोकांना विचार करा म्हणालात, तर तुम्ही समाजाचं प्रबोधन करता. अमक्यावर खूण करा म्हणालात, की झाला प्रचार. आणि प्रचाराला ज्यानं पन्नास डॉलर किंवा जास्त दिले, त्याचं नाव, पत्ता, काम आणि मालक, हे चारही राज्याकडे द्यावं लागतं. शुक्रवारपर्यंत. आम्ही ते सगळ्यांसाठी खुलं करतो."

लेम्पी खुर्ची ओढून बसली. "मालक म्हणजे?"

"कुठं नोकरीला आहेत ते."

"आणि ती उद्याची कुटुंबं? त्यांनी घरोघरी रद्दीचा पाऊस पाडलाय. त्यांना नाही विचारलं तुम्ही?"

"मॅडम, त्यांच्या एकाही कागदावर 'मत' हा शब्द नाही," प्रेंटिस म्हणाला. "मी भिंग घेऊन शोधलाय."

फोन ठेवून तिनं केराच्या डब्यातून ते कागद उपसले आणि टेबलावर पसरले. कंपनीनं किती घरं उभी केली ते आठवा. आपल्या काउंटी सदस्याला फोन करून विचारा. मुलांच्या भविष्याचा विचार करा. खरंच, 'मत' नाही, 'हो' नाही, 'नाही' पण नाही. एवढा पैसा, एवढा कागद, आणि एका शब्दाला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. रागावायच्या आधी लेम्पी थक्क झाली. कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी काचेच्या खोलीत, हा एक शब्द टाळायचा पगार घेणारी माणसं बसली असतील. आणि आपण तो हसत हसत रेडिओवर बोलून आलो.

प्रेंटिसनं एक वाट सांगितली होती. यादी द्यायच्या आधी ज्याचे पैसे परत केले, त्याचं नाव यादीत येणार नाही. लेम्पीनं चेकबुक पर्समध्ये टाकलं आणि जुना पिकअप काढला. सगळ्यांचे पैसे परत करायचे. जाहिरातीचं बिल आपण भरू, दुसरं काय. लोक धावत येऊन चेक हातातून ओढतील याबद्दल तिला शंका नव्हती.

हार्डवेअरवाल्या गॉर्डन ट्रेंबाथनं तसंच केलं. कंपनी त्याच्याकडून दोर आणि बोल्ट घ्यायची. त्यानं चेक घेतला, लाजला आणि तिला एक हातोडी फुकट द्यायला निघाला. लेम्पीला त्याचा राग आला नाही. आरशातला गॉर्डन असाच होता, भांडण सुरू झालं की दप्तराआड तोंड लपवणारा.

पुढचं घर इम्पी मात्तिलाचं. वय नव्वदीकडे झुकलेलं, नवरा वाइनो खाणीत राबून फुप्फुसानं गेलेला. तिनं बरोबर पन्नास डॉलर दिले होते. लेम्पी बसली, इम्पीनं तिच्यापुढे मटण-बटाटा भरलेली गरम पास्टी ठेवली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पैसे परत नकोत. वाइनोचं नाव लाव."

"इम्पी, वाइनोला जाऊन किती वर्षं झाली! मेलेल्या माणसाला देणगी देता येत नाही."

"काय तरी कायदा. बरं, माझं लाव. काम काय लिहिणार आहेस?"

"गृहिणी."

"गृहिणी कसली? त्याचा डबा भरला, त्याचे तांब्यानं हिरवे झालेले कपडे धुतले, त्याचा खोकला ऐकत रात्रीच्या रात्री बसले. लिही, खाणकाम. आणि मालक लिही, कंपनी. पगार त्याच्या नावावर यायचा, एवढाच फरक."

लेम्पीनं पास्टी बाजूला सारली. ही बाई तिच्या बसमध्ये कधी बसली नव्हती. पोरांना थांब्यावर सोडून खाली मान घालून निघून जायची, तेवढीच ओळख. तिनं जसं सांगितलं तसं लिहून घेतलं.

त्यानंतर जे झालं ते लेम्पीच्या हिशेबात कुठंच बसेना. रूबेन साल्मी खाणीत मोठं फावडं-यंत्र चालवायचा, निवृत्ती जवळ आलेली. त्यानं चेककडे बघितलंही नाही.

"लेम्पी, तू मला माझेच पैसे परत देऊन हाकलतेस होय?"

"अरे, तुझं नाव बाहेर येईल! माझा शब्द गेला ना!"

"तुझा शब्द गेला, तो तू बघ. मी पैसे पाण्यासाठी दिलेत, तुझ्या शब्दासाठी नाही." आणि वर म्हणतो, "स्पेलिंग नीट टाक. मागं लग्नाच्या बातमीत चुकवलं होतं."

दारोदार हेच. कोणी शिव्या घातल्या, तेही तिलाच, की रेडिओवर जीभ आवरत नाही का म्हणून. पण शिव्या घालून झाल्यावर चेक परत तिच्याच पर्समध्ये कोंबला. दोघा-तिघांनी पैसे घेतले, बाकी कोणी हात लावला नाही. बुधवारी संध्याकाळी ती पिकअपमध्ये नुसतीच बसून राहिली. आपण या माणसांना शाळेत नेलं, आणलं, आणि यांच्यातलं काहीच पाहिलं नाही, असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

डॅरिलचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तो अंगणात सौनासाठी, वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होता. टेस पायरीवर शाल घेऊन बसली होती, चेहरा मेणासारखा. लेम्पीनं कसंबसं सगळं सांगितलं.

"आत्या, राहू दे," डॅरिल म्हणाला. "असू दे नाव."

"घे," टेस म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॅरिल, घे ते पैसे. मला लाज वाटत नाही. मला जगायचंय."

डॅरिलनं कुऱ्हाड ठेवली, हात पँटला पुसले आणि चेक घेतला. लेम्पीकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. तिला केवढं हायसं वाटलं! बाकीचं जग गेलं खड्ड्यात, हा पोरगा वाचला. शुक्रवारी दुपारी तिनं यादी पाठवून दिली, आणि त्यात डॅरिल कांगास नव्हता.

पुढच्या सोमवारी रूबेनच्या बायकोचा फोन आला. कोणीतरी यादी छापून खाणीच्या फाटकावर लावली होती. लेम्पी पोचली तेव्हा पाळी बदलायची वेळ होती. तिनं पिकअप कुंपणालगत लावला आणि काच खाली केली. फाटकाशेजारच्या फळ्यावर तीन-चार पानं खिळे ठोकून लावलेली, आणि वर जाड अक्षरात लिहिलेलं: तुमच्या पोटावर पाय देणारे हेच!

एक पाळी बाहेर येत होती, दुसरी आत जात होती, आणि फळ्यापाशी दोन्हींची गर्दी झाली होती.

"अरे रूबेन, तुझं नाव तर पहिल्या पानावर!" कोणीतरी ओरडलं. "निवृत्तीची पार्टी लवकर देणार वाटतं!"

"या की, तुम्ही बिअर आणा," रूबेन म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. हसणारे हसत होते, न हसणारे बुटांकडे बघत होते.

डॅरिल डबा काखेत मारून त्यांच्या मागे उभा होता. लेम्पीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. जा रे बाबा, आत जा, ती पुटपुटली, तुझं नाव नाहीये त्यात. आणि तो खरंच निघाला. फाटकातून आत गेला, चार पावलं चालला आणि थांबला. परत आला. गर्दीतून वाट काढत फळ्याशी गेला आणि रूबेनपुढे हात केला.

"पेन दे."

"डॅरिल, मूर्खपणा करू नकोस. घरी जा."

"पेन दे म्हटलं ना."

शेवटच्या पानाच्या तळाशी, छापलेल्या रकान्यांच्या खाली, त्यानं लिहायला सुरुवात केली. त्याला लिहायची कधी सवय नव्हती, म्हणून वेळ लागत होता. नाव. पत्ता. काम, डंपर चालक. मालक, आणि त्याखाली कंपनीचं पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. लिहून झाल्यावर पेन कोणाला द्यावं ते न कळून तो तसाच उभा राहिला.

त्याच्या हातातून ते पेन घेतलं पार्टीवरून टोमणा मारणाऱ्यानंच. त्यानं संस्थेला एक पैसा दिलेला नव्हता. त्याच्यामागून दुसऱ्यानं घेतलं. मग एका पोरीनं, जी स्फोटकं भरायच्या कामाला होती. पानावर जागा संपली तेव्हा कोणीतरी डब्याची कागदी पिशवी फाडून खिळ्याला अडकवली. प्रत्येकजण मालकापर्यंत चारही रकाने भरत होता, जणू असं लिहायचं त्यांना जन्मापासून माहीत होतं.

मुकादम लॉइड धापा टाकत आला. "ए, कोणी लिहिलंय हे?"

"वाच की, लॉइड," रूबेन म्हणाला. "पत्त्यासकट दिलंय."

आता मात्र सगळे हसले. लॉइडनं नाकावर चष्मा चढवून वाचायला घेतलं. त्याची आख्खी पाळी त्यावर होती. तो खालपर्यंत वाचत गेला, परत वर आला आणि डॅरिलच्या नावापाशी थबकला.

"मी एकाला हाकलायचं तर सगळ्यांना हाकलावं लागेल," शेवटी तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मग डंपर कोण चालवणार, माझी सासू? वरचे साहेब काय ते बघतील. चला, आत व्हा, उशीर झालाय."

कागदाला त्यानं हात लावला नाही. माणसं आत गेली, बाहेरची घरी गेली, आणि ती कागदी पिशवी वाऱ्यावर फडफडत राहिली. लेम्पीला किल्ली फिरवायचं भान राहिलं नव्हतं. ती चर्चला जायची, प्रार्थना करायची, पण अंगावर असा काटा तिथं कधी उभा राहिला नव्हता. राजधानीतले लोक आपलं नाव लपवायला एवढं धन ओततात, आणि या माणसांनी आपलं नाव उघड्यावर, भर दुपारी, उसन्या पेनानं लिहिलं होतं. यांच्यापुढे उभं राहायची आपली लायकी नाही असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की यांच्या गावात जन्मलो हे केवढं भाग्य.

नुसत्या नावांना कायद्यात काही किंमत नव्हती. नावामागं देणगी हवी. हे रूबेननंच कोणाला तरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी लेम्पीच्या दारात माणसं उभी राहिली. हातात पाच-पाच डॉलर. कोणाकडे तेवढेही नव्हते, त्यानं दोन दिले.

"हे बघा," लेम्पी घसा ताणून सांगत होती, "पन्नासच्या आत नाव लागत नाही! पैसे ठेवा आणि जा, कोणाला कळणार पण नाही!"

"तू लिही गं," रांगेतून आवाज आला. "मघापासून बडबडतेय नुसती."

ती लिहीत राहिली. डॅरिल येऊन गेला. त्याच्यामागून बऱ्याच वेळानं, रांग संपत आल्यावर, टेस आली. मैलभर अंतर चालत आली होती. ओठ कोरडे पडले होते. लेम्पीनं खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"त्याचं लिहिलंस?"

"लिहिलं. टेस, तू त्याच्यावर चिडू नकोस. उद्या ते काय करतील..."

"ते मला माहितीय. आत्या, मला शिकवू नकोस." तिनं मुठीतली पाचाची नोट टेबलावर ठेवली आणि हातानं सपाट केली. "माझं पण लिही."

"तुझं कशाला, बाळा? पाच डॉलरला कायदा नाव विचारत नाही."

"नसू दे विचारत." टेसनं शाल अंगाभोवती घट्ट ओढली. "मला फार भीती वाटतेय. ते कुठं लिहिता येतं का त्यात?"

लेम्पीनं कागदाकडे पाहिलं. "नाही गं. त्याला रकाना नाही."

"मग नाव तरी नीट लिही," टेस म्हणाली.

लेम्पीनं पेन खाली ठेवलं, घामेजलेले हात फडक्याला पुसले आणि मग ते परत उचलून पहिलं अक्षर काढलं.